ओ'री यांचा उजवा डोळा आणि उजवी बगल

महोदय,

आपल्या बालपानावर आइस हॉकीपटू विली ओ'री यांची ओळख आली आणि खाली मुलांनी विचारलेले प्रश्न होते. प्रश्न फक्कड होते. उत्तरे मात्र 'जिद्द' आणि 'चिकाटी' या दोन शब्दांवर भागवली. ओ'री स्वतः १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून एनएचएल (नॅशनल हॉकी लीग, अमेरिका-कॅनडातली अव्वल आइस हॉकी लीग) हिच्यातर्फे रिंकोरिंकी, म्हणजे बर्फाच्या मैदानोमैदानी, जाऊन मुलांशी बोलत आले आहेत. तेव्हा त्यांच्याबद्दलच्या प्रश्नांना तरी नेमकी उत्तरे मिळावीत, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. 'जगातला पहिला कृष्णवर्णीय हॉकीपटू' असे छापले आहे, ते बरोबर नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात १८९५पासून कृष्णवर्णीय खेळाडूंची वेगळी लीग होती. हर्ब कार्नेगींसारखा कसलेला खेळाडू ओ'रींच्या आधी होऊन गेला, पण त्याला एनएचएलचे दार कधी उघडले नाही. ओ'री पहिले ठरले ते एनएचएलमध्ये : १८ जानेवारी १९५८, मॉन्ट्रियल फोरम हे स्टेडियम, बोस्टन ब्रुइन्स या संघाकडून. तो सामना ब्रुइन्सनी ३-० जिंकला. त्यांच्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू या लीगमध्ये उतरला थेट १९७४ साली.

आता एका मुलीचा प्रश्न : 'एका डोळ्याने ते पक (खेळातली रबरी चकती) कसा बघायचे?' हा सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि त्यालाच सगळ्यात पोकळ उत्तर मिळाले.

ज्युनिअर हॉकी खेळताना, १९५५-५६च्या हंगामात, पक उजव्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची जवळजवळ सगळी दृष्टी गेली. एका डोळ्याने अंध असलेल्याला एनएचएलच्या नियमात जागा नव्हती, म्हणून त्यांनी ही गोष्ट संघांपासून लपवून ठेवली. ते खेळायचे डाव्या बगलेला, म्हणजे आक्रमणात डाव्या कडेने. आता कागदावर रिंक काढून पाहा. प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे तोंड करून डाव्या कडेने निघालात, तर डाव्या हाताला रिंकभोवतीच्या कुंपणाच्या नुसत्या फळ्या आणि सगळा खेळ उजव्या हाताला. सेंटरकडून (मधल्या आक्रमकाकडून) येणारा पास उजवीकडून, अंगावर येणारा बचावपटूही उजवीकडून. म्हणजे चांगला डोळा भिंतीकडे आणि निकामी डोळा खेळाकडे! पास घ्यायचा तर मान पार उजव्या खांद्यावरून वळवावी लागे, आणि आइस हॉकीत मान वळवून, खाली बघत धावणाऱ्याला जो धक्का बसतो तो सगळ्यात वाईट. दुसरी अडचण अंतराची. दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज गेला, की पक किती दूर आहे हे तो किती झपाट्याने मोठा दिसू लागतो यावरून ताडावे लागते.

एनएचएलमधले त्यांचे ४५ सामने, ४ गोल आणि १० असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) या अवस्थेतले आहेत. पहिला गोल १ जानेवारी १९६१चा, मॉन्ट्रियलविरुद्ध.

पुढे वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, लॉस एंजेलिस ब्लेड्सकडे असताना, त्यांना उजव्या बगलेला हलवले. आता फळ्या निकामी डोळ्याकडे गेल्या आणि पूर्ण रिंक चांगल्या डोळ्यासमोर आली. ओ'री डावखुऱ्या पकडीने (उजवा हात वर, डावा खाली) मारणारे, त्यामुळे आणखी एक फायदा झाला. उजव्या कडेला त्यांच्या स्टिकचे पाते रिंकच्या मधल्या बाजूला राहिले, पास थेट फोरहँडवर आला आणि गोलचा कोनही मोकळा झाला. तोटा एकच : फळ्यांच्या कडेने आलेला पास बॅकहँडवर घ्यावा लागतो. त्या लीगमध्ये १९६४-६५ आणि १९६८-६९ या दोन्ही हंगामांत त्यांनी ३८-३८ गोल केले. जिद्द होतीच हो, पण ती डाव्या बगलेलाही होती.

'डावखुरी पकड' हे आपल्या मुलांना उमगत नाही, कारण मैदानी हॉकीत ती नाहीच. तिथे स्टिकची सपाट बाजू एकच, डावा हात वर, उजवा खाली, सगळ्यांना सारखेच. बर्फावर पात्याच्या दोन्ही बाजू चालतात आणि डावी-उजवी अशा दोन्ही वळणांच्या स्टिक मिळतात. वरचा हात स्टिक फिरवतो, खालचा जोर देतो. उजव्या हाताने लिहिणारी बरीच कॅनेडियन मुले उजवा हात वर ठेवतात, म्हणजे डावखुरी मारतात. आपल्याकडून गेलेले मूल हातात स्टिक आली की बॅटसारखी धरते. धरू द्यावी, चूक नाही ती. लांबी मात्र तपासावी : अनवाणी उभे राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत.

'पक लागतो का?' ३ इंच व्यास, १ इंच जाडी, साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. आपल्या सीझन बॉलचे वजन जवळपास एवढेच, आणि हे टणक रबर. सामन्यापूर्वी पक गोठवून ठेवतात, कारण कोमट रबर बर्फावर उसळते. ओ'रींच्या काळात हेल्मेटची पद्धत नव्हती. आज कॅनडात लहान मुलांना चेहऱ्यावर पूर्ण जाळी लावल्याशिवाय बर्फावर सोडत नाहीत.

'स्केट घसरत का नाहीत?' घसरतातच, फक्त हव्या त्या दिशेला. पाते सुरीसारखे धारदार नसते. त्याच्या तळाला पन्हळीसारखी खाच असते आणि खाचेच्या दोन्ही काठांना धार. खाच साधारण अर्धा इंच त्रिज्येची काढतात. त्रिज्या कमी केली, की काठ बर्फात जास्त रुततो. हलक्या मुलाला आणि लेहसारख्या कडक नैसर्गिक बर्फाला ते मानवते, पण थांबताना पाय अडकतो. धार लावून आणल्यावर पात्यावर एक नाणे आडवे ठेवा. नाणे कलते दिसले तर एक काठ उंच राहिला आहे. पोर एकाच बाजूला वळताना पडत असेल, तर ओरडण्याआधी हे बघा. काँक्रीटवर पात्याला गार्ड (आवरण) न लावता चार पावले चाललात की धार गेली. आणि ओले पाते तसेच गार्डमध्ये ठेवले की गंज, म्हणून घरी नेताना पुसून फडक्यात गुंडाळायचे.

मुंबई-पुण्यात चाकांच्या स्केट्सवर शिकलेल्यांना वळण घेणे बर्फावर पटकन जमते, थांबणे जमत नाही. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून पृष्ठभाग खरवडत थांबतात. चाके तशी खरवडत नाहीत, म्हणून ते पहिल्यापासून शिकावे लागते.

शेवटी, मजकुराशेजारचे चित्र मैदानी हॉकीच्या स्टिकचे होते. पुढच्या वेळी बदलावे. बर्फावरच्या स्टिकला खाली आकडा नसतो. दांड्याच्या टोकाला लांबट, पातळ, किंचित वळलेले पाते असते आणि त्याला बहुधा काळी टेप गुंडाळलेली असते.

– आइस हॉकी शिकवणारे दोघे मराठी वाचक, ब्रॅम्प्टन, कॅनडा