गुरुपौर्णिमेच्या बैठकीची आठवण

सर्व सभासद आणि पालकांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आपल्या गायनाच्या वर्गातच गाण्याची बैठक आहे. आधी मुलं गातील, मग शिक्षक. तबल्याचे सर वर्षभर मुलांसाठी ठेका धरतात. यंदा ते स्वतः सोलो वाजवणार आहेत, बाई पेटीवर लेहरा, म्हणजे सोलोला साथ देणारी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, धरतील. कृपया चुकवू नका.

तानपुरे मिरजेचे आहेत, त्यांचा खालचा भोपळा फार नाजूक असतो. मुलांनी गवसणी (वरची खोळ) काढू नये. पावसाळी हवेत तारा सुरातून उतरतात, म्हणून त्या जुळवायला शिक्षक ४ वाजताच येतील. तो तासभर खोलीत शांतता हवी, ही कळकळीची विनंती.

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली, ती लोकाश्रयावर. आपला वर्गही वर्गणीवरच चालतो, शिक्षकांचं मानधन त्यातूनच जातं. राहिलेली वर्गणी शनिवारपर्यंत द्यावी.