स्मारक घ्या, पण सांभाळाची तजवीज आधी लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणी पुतळा देतं, कोणी कारंजं, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ बागेत बाक. पालिका ठराव करते, जागा देते, अनावरण होतं. पाहुणे कोण आणि कोनशिलेवर नावं कोणत्या क्रमाने, यावर चार-चार बैठका होतात. पण पुतळ्याचा गंज कोण काढणार, पंपाचं वीजबिल कोण भरणार आणि दाता किंवा त्याची संस्था उद्या राहिली नाही तर काय, हे बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. देणारा एकदाच देतो, सांभाळणाऱ्याला मात्र ते कायमचं सांभाळावं लागतं. म्हणून अशी देणगी स्वीकारण्याआधी तिच्या देखभालीची लेखी व्यवस्था प्रत्येक महापालिका-नगरपालिकेने सक्तीची करावी, अशी माझी मागणी आहे.

असं न केल्याने काय होतं, ते मुंबईच्या जुन्या प्याऊंकडे पाहिलं की कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथल्या व्यापारी घराण्यांनी आपल्या माणसांच्या आठवणीसाठी भर रस्त्यात दगडी पाणपोया बांधून दिल्या. मशीद बंदरची केशवजी नायकांची प्याऊ 1876 ची. फोर्टमध्ये मिंट रोडला मुळजी जेठा कारंजं आहे. रतनशी मुळजींनी ते आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, धरमसीच्या स्मरणार्थ बांधलं. आराखडा बोरीबंदर स्टेशन उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. मान वर करून पाहिलं तर शिखरावर पुस्तक वाचणारा मुलगा दिसतो, खाली दगडात कोरलेली जनावरं. त्या काळच्या अनेक प्याऊंना माणसांसाठी नळ आणि बैल-घोड्यांसाठी खाली दगडी कुंड असे. स्मारक आणि सोय एकाच दगडात साधण्याची ती समज आजच्या चौक सुशोभीकरणात क्वचितच दिसते.

पुढे घरोघरी नळ आले, घोडागाड्या गेल्या. प्याऊंची गरज कमी झाली आणि एकेक नळजोडणी बंद पडत गेली. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, तशी खालची कुंडं जमिनीत बुडाली. घडीव दगडावर कुठे ऑइलपेंट फासला गेला, कुठे टपरी टेकली, कुठे कचऱ्याचा ढीग साचला. यात एकट्याच्या माथी दोष मारता येत नाही. दगडाची जबाबदारी वारसा जतनाची, पाण्याची जल खात्याची, भोवतालच्या फुटपाथची वॉर्डाची. तिघांच्या मध्ये प्याऊ कोरडी. गेल्या काही वर्षांत महापालिकेने वास्तुसंवर्धकांच्या मदतीने अनेक प्याऊ दुरुस्त केल्या, राणीच्या बागेतल्या एकीला पुन्हा पाणीही आलं, याचा मनापासून आनंद आहे. पण एवढी वर्षं वाट पाहावी लागली, ती प्रत्येक प्याऊला एक जबाबदार खातं आणि दरवर्षीची थोडी तरतूद नेमून दिलेली नव्हती म्हणून.

मूळ हेतू निसटला की काय होतं, ते दादरच्या कबुतरखान्यावरून दिसलं. ते बांधकाम 1933 चं, मुळात कारंजं म्हणून झालेलं. काळाच्या ओघात तिथे दाणे पडू लागले आणि तीच त्याची ओळख झाली. 2025 मध्ये आरोग्याच्या कारणावरून महापालिकेला ते ताडपत्रीने झाकावं लागलं. आंदोलनं झाली, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. वास्तू कशासाठी दिली आहे आणि वापर बदलायचा तर कोणाच्या मंजुरीने, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असतं तर निदान भांडणाला काही आधार राहिला असता.

लहान गावांत तर याहून वाईट. आमच्या आजोळच्या गावी मामांनी आजीच्या नावाने बागेत एक बाक दिला होता. सिमेंटचा, पाठीवर संगमरवराची छोटी पाटी. बागेचं नूतनीकरण झालं आणि बाक दिसेना. चौकशी केली तर कुठल्याच वहीत त्याची नोंद नव्हती. शेवटी पंपघराच्या मागे, फुटक्या कुंड्यांच्या शेजारी, अशाच पाट्यांचा ढीग सापडला. कोणाकोणाची आई, कोणाचा मुलगा. त्या माणसांच्या घरी एक फोनसुद्धा गेला नव्हता. नगरपालिकेने बाक काढू नये असं माझं म्हणणं नाही. बाग बदलायचीच असते. पण ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना विचारून किंवा निदान कळवून काढावं.

पुतळ्यांसाठी आपल्याकडे काही नियम आहेत. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी राज्यांना बजावलं. राज्य शासनाच्या 2017 च्या निर्णयात जिल्हाधिकाऱ्यांची समिती, कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांची ना-हरकत अशी सारी वाट आखून दिली आहे. तरी परवानग्यांची फाइल पूर्ण झाली की काम संपलं, ही वृत्ती जात नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा काही देणगीचा नव्हता. पण एका यंत्रणेने उभारायचा आणि दुसरीने पाहायचा, हा घोळ तिथेही होता. 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालं. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने पुतळा उभारणाऱ्या नौदलाच्या अधिकाऱ्याला पाठवलं 20 ऑगस्ट 2024 ला, आणि 26 ऑगस्टला पुतळा कोसळला. महाराजांच्या बाबतीत हे घडलं, तर साध्या बाकाला कोण विचारतो!

माझ्या मते सर्वात आधी हवी ती नोंदवही. शहरातलं प्रत्येक दिलेलं स्मारक, दात्याचं नाव, तारीख, ठराव क्रमांक, सांभाळणारं खातं, आणि हे सगळं पालिकेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावं. दुसरी गोष्ट पैशाची. मोठी वास्तू देणाऱ्याने बांधकामाबरोबर देखभालीची ठेवही द्यावी आणि ती वेगळ्या खात्यात राहावी. यावर, मग गरिबांनी आपल्या माणसांची स्मारकं उभारायचीच नाहीत का, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वस्तीतल्या लोकांनी रुपया-रुपया वर्गणी काढून उभारलेल्या स्मारकाला ठेवीची अट घालणं अन्याय होईल. तिथे पालिकेने सर्वसाधारण सभेत ठराव करून देखभाल स्वतःच्या अंदाजपत्रकात उघडपणे घ्यावी. ठेव मागावी ती ऐपत असलेल्या दात्यांकडून, कंपन्यांकडून आणि बिल्डरांकडून.

निर्णय सभेतच व्हावा, याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या प्लेझंट ग्रोव्ह या गावाच्या उद्यानात देणगीतून आलेली काही स्मारकं होती. एका पंथाने आपलंही स्मारक लावा म्हणून मागणी केली, गावाने नकार दिला. 2009 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाची बाजू उचलून धरली. सार्वजनिक जागेवरचं कायमचं स्मारक दिलं कोणीही असो, ते शासनाचंच बोलणं ठरतं, असं न्यायालय म्हणालं. आपला कायदा वेगळा, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. चौकात जे उभं राहतं ते शहराच्या नावाने बोलतं. ते एखाद्या पदाधिकाऱ्याच्या शब्दावर किंवा निवडणुकीच्या तोंडावर घाईने ठरू नये.

हलवण्याची तरतूदही करारात असावी. काळा घोडा चौकाला ज्याने नाव दिलं, तो सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा ससून घराण्याने शहराला दिला होता. 1965 मध्ये तो राणीच्या बागेत नेला. तो फोडला नाही, हरवला नाही, आजही तिथे आहे. हलवायचं तर कुठे, कोणाच्या खर्चाने, दात्याच्या वारसांना किती दिवस आधी कळवायचं, हे आधी ठरलेलं असलं की कोणाचा अपमानही होत नाही आणि रात्रीत क्रेन आणण्याची वेळही येत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी आपापल्या पालिकेकडे दान मिळालेल्या स्मारकांची यादी मागावी आणि मिळेल तशी छापावी. जिथे यादीच नाही, तिथे तसंही छापावं. वाचकांनीही आपल्या गल्लीतल्या जुन्या पाट्या, पाणपोया, बाक यांचे फोटो आणि त्यावरचा मजकूर पाठवावा. पुढच्या अंदाजपत्रकाआधी एवढं जमलं, तर नगरसेवकांना विचारायला हातात काही राहील.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई