तांबडी, आजी आणि माझं लिसनिंग

नारायण पेठ, पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोनवर ‘हं, हं’ करत डाळिंबाला पाणी सोडत असतोस आणि मधेच ‘लाईट गेली, ठेवतो’ म्हणतोस. ही गोष्ट तशी सांगण्यातली नाही, म्हणून लिहितोय. तब्येत बरी आहे, पावसाची सर्दी आहे तेवढीच. मेसचं जेवण तसंच, आमटीत तळ दिसतो.

तुला माहीतच आहे, आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिकायला जायचं तर लागणारी ती इंग्रजीची परीक्षा, डोक्यावर आहे. युनिव्हर्सिटीला एकूण 6.5 बँड हवेत आणि चारपैकी कशातही 6 च्या खाली जायचं नाही. रीडिंग बरं जातं, रायटिंग ओढूनताणून होतं, स्पीकिंगला मी बडबड्या आहेच. मेलं लिसनिंग मात्र साडेपाचावर येऊन बसलंय, हलायचं नाव नाही. 40 प्रश्न, अर्धा तास, आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजणार. पुन्हा नाही. आपल्या सरांसारखं ‘कळलं का? पुन्हा सांगू?’ म्हणणारं कोणी नसतं. 23 बरोबर आले तर साधारण 6, 30 आले तर 7. मी विशीच्या आसपास घुटमळतो.

मला वाटायचं माझे कानच खराब आहेत. हसू नकोस. चाकणला आमच्या प्रेस शॉपमध्ये मशिनींच्या धडधडाटात इतकी वर्षं काढल्यावर शंका येणारच. गेलो, तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवून टींटीं वाजवतात आणि आपण बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाले, एकदम नॉर्मल. खरं सांगू, थोडा हिरमोडच झाला. कान बिघडले असते तर दोष कंपनीवर ढकलता आला असता. आता उरलं फक्त इंग्रजी.

म्हणजे होतं काय, की हे लोक अर्धे शब्द गिळतात. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. यांच्याकडे एका शब्दावर सगळा जोर, आणि ‘ऑफ’, ‘टू’, ‘ॲट’ वगैरे त्याच्यामागे फरपटत जातात. कागदावर तेच वाक्य दिसलं की वाटतं, अरे हे तर सातवीतलं! पहिल्या भागात फोनवरचं साधं बोलणं असतं, कुणीतरी खोली भाड्याने घेतोय, नाव सांगतोय, अक्षरं सुटी करून. त्यात एखादी ऑस्ट्रेलियन बाई आली की तिचा ‘ए’ मला ‘आय’ ऐकू येतो. थर्टीन की थर्टी, तेही रोजचंच. वर हे लोक मुद्दाम फसवतात. माणूस म्हणणार मंगळवारी येतो, तुम्ही मंगळवार टाइप करणार, आणि तो म्हणणार, नाही नाही, मंगळवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, बुधवारी येतो. तोवर पुढचा प्रश्न निघून गेलेला. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ म्हटलं असेल तिथे तिसरा टाकला की गेला मार्क. शेवटचा ‘एस’ राहिला तरी गेला.

क्लासच्या मॅडम म्हणतात, आधी प्रश्न वाचून ठेवा आणि तोच शब्द ऐकू येण्याची वाट बघू नका. प्रश्नात ‘स्वस्त’ असेल तर बोलणारा म्हणेल ‘फारसा खर्च येत नाही’. हे पटलं. दुसरं सांगतात ते म्हणजे बोलणाऱ्याच्या मागोमाग आपणही तसंच बोलत जायचं. ते मी अभ्यासिकेत करून बघितलं. शेजारच्या एमपीएससीवाल्याने एक शब्द न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. नवी पाटी आहे, तुझ्या वेळी नव्हती: ‘आपण मनात वाचू शकता. इतरांना ते जमते.’

हो, तीच अभ्यासिका, सदाशिव पेठेतली. मी तुझ्याच खिडकीत बसतो. टेबलावर तू कोरलेलं ‘2019’ अजून आहे, त्यावर कुणीतरी रेघ मारून खाली ‘2023’ केलंय. खोलीवर अभ्यास अशक्य. गणपती जवळ आले, नदीपात्रात ढोलपथकांचा सराव जोरात आहे. संध्याकाळी सहानंतर इंग्लंडची राणी स्वतः येऊन बोलली असती तरी मला ताशाच ऐकू आला असता.

आणि एक हिशेब आपला बाकी आहे. रेडिओवर मॅच असायची तेव्हा थोडा वेळ हिंदी कॉमेंट्री, थोडा वेळ इंग्रजी. इंग्रजीची पाळी आली की आवाज कोण बारीक करायचं? ‘सेल वाचतात’ म्हणायचास! मी भांडायचो, राहू दे म्हणून. माझ्या साडेपाचातला अर्धा मार्क तुझ्या नावावर आहे, लक्षात ठेव. शाळेचं काय बोलायचं! बारावीपर्यंत इंग्रजी आपल्याकडे फळ्यावरूनच आलं. सर एक ओळ वाचायचे, लगेच मराठीत सांगायचे, आपण मराठीची वाट बघत बसायचो. अजून तीच खोड आहे. मेट्रोतली इंग्रजी घोषणा मला शंभर टक्के कळते, कारण आधी मराठीतून झालेली असते.

असो. आता मुद्द्यावर येतो.

काल सराव परीक्षा लावली होती. चौथा भाग सगळ्यात अवघड, एकच माणूस कॉलेजातल्यासारखं व्याख्यान देतो, मधे थांबत नाही. विषय निघाला ज्वारी. मी म्हटलं चला, घरचं मैदान. बाई सांगत होती, ज्वारी मूळची आफ्रिकेतली, मुळं खोल जातात, पाऊस ओढ द्यायला लागला की पानं गुंडाळून वाढ थांबवते आणि पाणी मिळालं की पुन्हा फुटते. मी भराभर लिहीत होतो. मग ती म्हणाली की कोवळ्या ज्वारीत, आणि जास्त करून दुष्काळी ताणानंतर पाऊस पडून फुटलेल्या कोंभांत, एक द्रव्य असतं. गुराने ते खाल्लं की पोटात त्यातून सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून जनावर धापा टाकतं, कोसळतं, आणि रक्त मात्र लालभडक दिसतं. पीक मोठं झालं की धोका कमी होतो, वाळलेल्या चाऱ्यातही बराच उतरतो.

बाळ्या, माझा हात थांबला. मला थेट तुमचं वरचं रान दिसलं. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा, महिनाभराच्या उघाडीनंतर पडलेला पाऊस, दावं तोडून त्यात शिरलेली तुमची गाय, तांबडी. दुपारी गोठ्यापर्यंतही पोचली नाही ती. कुणीतरी गूळपाणी पाजत होतं, ते तसंच बाहेर येत होतं. आणि जबडा उघडून हिरड्या दाखवत आबा ओरडत होते, ‘बघा, कसं लाल झालंय! विष घातलंय!’ कुणी घातलं हे त्यांनी नाव न घेता सांगितलं, आणि नाव न घेताच सगळ्यांना कळलं. बांधावरून आधीच पेटलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात वाड्यात मधोमध भिंत आली, पलीकडे अण्णा-काकू. त्यांची पमी आपल्याच वर्गात, दहावीपर्यंत तू तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस. तिच्या डब्यातली शेंगाचटणी मात्र माझ्यामार्फत खायचास.

आणि तुझी आजी? चुलीपाशी बसून ती तेव्हाच म्हणत होती, ‘अरे, पोंगे खाल्लेत तिनं, पोंगे.’ पोंगे म्हणजे तेच कोवळे कोंभ. तीन-चार वेळा तरी म्हणाली असेल. मी दारातच होतो. तिला कुणी म्हणालं, ‘तू गप गं.’ मला वाटतं तुझे आबाच, पण शपथेवर नाही सांगत.

आता एका परदेशी बाईनं माझ्या कानात तेच सांगितलं. शेवटपर्यंत मी फक्त ऐकत राहिलो. एकही वाक्य मनात मराठी करून बघितलं नाही, एकही शब्द गिळलेला वाटला नाही. सगळं कळलं, आयुष्यात पहिल्यांदा. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा बघतो तर सुरुवातीचे तीन प्रश्न भरलेले, बाकीचे सात मोकळे. नंतर तपासायला दोन मिनिटं मिळतात, पण तपासणार काय? मॅडमनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडची एक गाय होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तेव्हापासून हेच डोक्यात चाललंय. ऐकू लागलो तर लिहिणं सुटतं, लिहू लागलो तर ऐकणं. परीक्षेत नेमकं ज्वारीसारखं काही आलं म्हणजे? बाजरी, ऊस, काहीही. मॅडमचं म्हणणं, परीक्षेत रस घ्यायचा नाही, उत्तर उचलायचं आणि पुढे जायचं. कळतं. पण ज्या दिवशी कान उघडला त्याच दिवशी सगळ्यात कमी मार्क, याला काय म्हणायचं सांग. तू गणितात तसाच होतास. रीत बरोबर, उत्तर नाही.

तांबडीचं मी छातीठोक सांगत नाही. तपासणी कुणी केलीच नव्हती तेव्हा. पण जे ऐकलं ते आणि आपण पाहिलं ते इतकं तंतोतंत जुळतं की मला रात्री झोप लागली नाही. आबांना सांगायचं की नाही, तू ठरव. या वयात त्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणणं सोपं नाही, आणि अण्णा-काकू काही न बोलता इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिले, तेही सोपं नसणार. माझं मत विचारशील तर आधी आजीला सांग. तिला आता ऐकू येत नाही, म्हणजे ओरडूनच सांगावं लागेल. ओट्यावर उभा राहून सांग. दोन्ही घरांत एकदमच कळेल, तुला वेगळं काही करायला नको.

तुझं काय चाललंय? ट्रॅक्टरचा हप्ता सुटला का? डाळिंबावर तेल्या आला होता म्हणालास, फवारणी झाली का? बाळाचं नाव काय ठेवलं ते वहिनींच्या स्टेटसवरून कळलं, तू सांगितलं नाहीस. हा राग मी धरून ठेवलाय. बारशाचा अहेर गणपतीला घेऊन येतो.

परीक्षा पुढच्या शनिवारी सकाळी आहे. त्या दिवशी फोन करू नकोस, तुझी सवय मला माहितीये, बरोबर हॉलच्या दारात वाजेल. निकाल काही दिवसांत लागतो, तेव्हा मीच करीन. आणि उचललास तर मोटर बंद करून बोल.

तुझा,
बंड्या

ता. क. पमीचा नंबर माझ्याकडे आहे. हवा तर सांग. नको असेल तरी पाठवणार आहे.