ताई, आमच्या बसची वेळ विचारल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही जिल्ह्याच्या केंद्रात मागं पडलेल्या लहान मुलांना थेरपी देता, पण या पत्रात तुमचं नाव घालत नाही. सरकारी नोकरीत एकाचं नाव पुढं आलं की त्याला नसता त्रास होतो, असं तुम्हीच एकदा बोलता बोलता म्हणाला होता. पण ज्यांच्या घरातलं बाळ वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, त्या सगळ्या आयांनी हे वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

आमची धाकटी आठव्या महिन्यातच जन्मली. वर्ष उलटून गेलं तरी बसवली की एका कुशीला कलंडायची. तुमच्याकडे येईपर्यंत आम्ही काय काय ऐकलं होतं! ‘कमी दिवसांची पोर, थोडी मागं राहणारच.’ ‘अंगानं जड आहे, बसेल सावकाश.’ ‘हिचा बापूससुद्धा उशिराच चालायला लागला.’ शेजारणींचं सोडा, त्यांनी मायेनंच सांगितलं. राग आहे तो शिकलेल्यांचा. एक डॉक्टर दर वेळी फी घ्यायचे, वजन करायचे आणि ‘थांबा, होईल’ म्हणत टॉनिक लिहून द्यायचे. तपासणीचं पथक आलं, त्यांनी दंडाचा घेर मोजला, रजिस्टर भरलं आणि गाडी पुढच्या गावाला गेली. पोरीला एकदा जमिनीवर ठेवून बघावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायचं, वाढीत कुठं मागं पडलेलं दिसलं तर जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं आणि तिथं पैसे न घेता उपचार करायचे, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मला ते तुमच्या केंद्राच्या भिंतीवर वाचायला मिळालं आणि तिथंच डोळ्यांत पाणी आलं. ठरलेलं काम ठरल्यासारखं झालं असतं तर आमचे तेवढे महिने गेले नसते.

शेवटी लस टोचायला गेले तेव्हा नर्सबाईंनी पोरीला उचललं आणि म्हणाल्या, ‘हिची पाठ सैल लागते, थांबू नका.’ त्यांचेही उपकार आहेत.

पहिल्या दिवशी मी बोलणी खायची तयारी करूनच आले होते. ‘इतके दिवस कुठं होता?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. तुम्ही फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘कुठून आला? कुठली बस धरली?’ मी सांगितलं, केरीहून निघून साखळीला गाडी बदलून आलो. ‘आणि परत जायची?’ मी परतीची वेळ सांगितली. तुम्ही आमच्या कार्डावर तारखेच्या खाली बसची वेळ लिहिली आणि तिला दोनदा गोल केला. त्या दिवसापासून आमची गाडी कधी चुकली नाही. गाडीच्या वेळेआधी आम्हाला आत घेतलं म्हणून रांगेत कुणी कुरकुरलं तर तुम्ही बाहेर येऊन त्यांना समजावून सांगायचा, आणि सांगितल्यावर लोक ऐकायचेही.

ताई, ही गोष्ट लोकांना छोटी वाटेल. पण थेरपी म्हणजे एकदाच टोचायचं इंजेक्शन नव्हे. महिनेन् महिने यावं लागतं. परतीची गाडी चुकली की तिन्हीसांज होते, मोठा मुलगा शाळेतून येऊन दाराशी बसून राहतो, घरातलं माणूस एकदा बोलतं, दोनदा बोलतं, आणि तिसऱ्यांदा आई घरीच राहते. मग कागदावर लिहितात, ‘पालक पाठपुरावा करत नाहीत.’ त्या पालकाला घरी पोचायला गाडी होती का, हे कुणी विचारत नाही. तुम्ही ते सगळ्यांत आधी विचारलं. म्हणून आम्ही टिकलो.

मग तुम्ही पोरीला चटईवर ठेवलं, स्वतः तिच्यासमोर पालथ्या पडलात आणि बराच वेळ नुसतं बघत राहिलात. नंतर कागदावर मला हिशेब करून दाखवला. मूल वेळेआधी जन्मलं असेल तर जेवढे आठवडे आधी तेवढे वयातून वजा करायचे आणि मग बघायचं. बहुतेक मुलं नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसतात, दीड वर्षापर्यंत चालतात. ‘वजा करूनसुद्धा ही मागं आहे, म्हणजे आता वाट बघायची नाही.’ एवढं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घाबरवलं नाहीत आणि खोटा धीरही दिला नाहीत. कमी दिवसांच्या बाळाचे कान आणि डोळे तपासायलाच हवेत म्हणून त्याच दिवशी चिठ्ठी दिलीत. वॉकर आणू म्हटलं तर नको म्हणालात.

आणि सासूबाईंना आत बोलावलंत! दिवसभर पोर कुणाकडे असते, असं विचारलंत, मग माझ्याऐवजी त्यांनाच शिकवलंत. तांदूळ निवडायला बसल्या की पाय पसरायचे, पोरीला मांड्यांच्या मधे बसवायचं, पाठ पोटाला टेकवायची. समोर नाही, जरा बाजूला स्टीलची वाटी धरायची. ती वाटीसाठी कलते, हात टेकते, परत सरळ होते. हाच तिचा व्यायाम. तुम्ही हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलंत, कारण सासूबाई मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या. ते पान चुलीजवळच्या खिळ्याला अडकवलेलं असतं. पूर्वी ‘आळशी आहे पोरगी’ म्हणणाऱ्या सासूबाई आता डाव्या बाजूला झालं, उजव्या बाजूला राहिलं, असा मलाच हिशेब विचारतात. आता पोर स्वतःची बसते, भिंतीला धरून उभी राहते. पुढचं पुढं बघू, असं तुम्हीच म्हणता.

चांगलं वागायला मोठा पगार लागत नाही, हे तुमच्याकडे बघून पटतं. तुमच्या दाराबाहेर बसणाऱ्या बायका एकमेकींची पोरं धरतात, पेजेचा डबा वाटून घेतात. एका माणसाची माणुसकी पुढं कशी पसरते ते मी त्या बाकावर पाहिलं. पण सगळा भार एका चांगल्या माणसावर टाकून सरकारनं निवांत राहू नये. आपल्या गोव्यातल्या पेडणे, सत्तरी, काणकोण, सांगे इथल्या आयांना घराजवळच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी थेरपिस्ट भेटायला हवा. अंगणवाडी सेविकेनं वजनकाट्याबरोबर बाळ बसतं का, हाक ऐकतं का, बोट दाखवतं का हेही बघून लिहायला हवं. तुमच्यासारख्या कंत्राटावरच्या लोकांना कायम करायला हवं. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू भराभर घडत असतो, ती वर्षं फाईल पुढं सरकायची वाट बघत थांबत नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत मी हे सगळं बोलणार आहे, यजमानही बरोबर येतो म्हणाले आहेत. सासूबाईंसाठी लिहून दिलेल्या पानाची झेरॉक्स काढून आमच्या अंगणवाडीत लावली तर चालेल का? मंगळवारी येऊ तेव्हा सांगा.

तुमची,
केरीची एक आई