उंच चिमणी, उथळ खाडी

संपादक महोदय,

कोळशावरच्या बहुतेक वीजकेंद्रांना धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये सूट दिली. त्यांच्यासाठी अट उरली ती चिमणीच्या उंचीची. उंच चिमणीमुळे जवळच्या वस्तीवरचा सल्फर डायऑक्साइड विरळ होतो, हे खरे. पण कोकणात तो शेवटी उतरतो कुठे, हे ती अट विचारत नाही.

हिवाळ्यात रात्री मतलई वारा धूर समुद्रावर नेतो. पावसाळ्यात नैऋत्य वारे तो सह्याद्रीकडे ढकलतात, आणि पावसात धुतला गेलेला त्याचा अंश वाशिष्ठी, शास्त्री, काजळी अशा आखूड नद्यांतून परत खाडीत येतो.

हिशेब सोपा आहे. कोळशात अर्धा टक्का गंधक धरले, तर टनामागे 5 किलो गंधक, त्याचा 10 किलो सल्फर डायऑक्साइड आणि तो सगळा मुरला तर सुमारे 15 किलो सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे सुमारे 310 मोल हायड्रोजन आयन (आम्लपणा देणारे कण; मोल हे कण मोजण्याचे एकक). एक घनमीटर समुद्राचे पाणी साधारण 2.3 ते 2.4 मोल आम्ल पचवू शकते. या क्षमतेला अल्कलिनिटी म्हणतात. म्हणजे एका टन कोळशाचे आम्ल सुमारे 130 घनमीटर पाण्याची ही सगळी क्षमता संपवू शकते. खुल्या समुद्रात ते पसरून जाते. तिथला सामू (pH; तो जितका कमी तितके पाणी आम्ल) औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या 8.2 वरून 8.1 च्या आसपास आला, तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे.

खाडीची गोष्ट वेगळी. आपल्या नद्या काळ्या पाषाणावरून आणि जांभ्यावरून येतात, वाटेत चुनखडी जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याची अल्कलिनिटी मुळातच कमी. पावसाळा सरता सरता खोल समुद्रातले कमी प्राणवायूचे, जास्त कार्बन डायऑक्साइडचे पाणी किनाऱ्याकडे वर येते, ते निराळेच. कालवे आणि तिसऱ्या या शिंपल्यांच्या पिल्लांना पहिले कवच अशाच पाण्यात धरायचे असेल, तर वरून पडणारे थोडे आम्लही जड जाते.

पावसाचा सामू चांगला आला म्हणून निर्धास्त होणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक. स्वच्छ पावसाचा सामू सुमारे 5.6 असतो. आपल्याकडे धूळ आणि अमोनिया आम्ल झाकतात, म्हणून तो 6 च्या वरही येतो. धुळीतला चुना आम्ल खरोखर मारतो. अमोनिया ते फक्त पुढे ढकलतो. पावसात विरघळलेल्या अमोनियाचे अमोनियम होते. ते खाडीत उतरले की जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि एका अमोनियममागे दोन हायड्रोजन आयन पाण्यात सुटतात. कागदावर ‘सामान्य’ ठरलेला पाऊस खाडीत असा आम्ल होतो.

म्हणून मोजायचे ते नीट मोजावे. पावसाच्या नमुन्याचे झाकण फक्त पाऊस पडताना उघडावे. किनाऱ्यावर त्यात मीठ येतेच, तेव्हा सोडियमच्या वजनाच्या पाव पट सल्फेट (सल्फ्युरिक आम्लातून पाण्यात उरणारा आयन) वजा करावे. उरेल ते समुद्राच्या मिठातले नव्हे. सोबत अमोनियम आणि नायट्रेट मोजावेच. खाडीचे पाणी 500 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत ओसंडेपर्यंत, बुडबुडा न ठेवता भरावे आणि त्यात संपृक्त मर्क्युरिक क्लोराइडचे 0.1 मिलिलिटर घालावे (जहाल विष आहे, हातमोजे हवेत). नाहीतर वाटेत जिवाणूंचे श्वसन चालूच राहते आणि सामू खाली येतो. 4, 7, 10 सामूच्या नेहमीच्या बफरवर (सामू ठरलेल्या द्रावणावर) लावलेला मीटर खाऱ्या पाण्यात जितका चुकतो, तेवढाच बदल आपण शोधत असतो. खाऱ्या पाण्यातला ट्रिस बफर वापरावा आणि अल्कलिनिटी टायट्रेशनने (मोजून आम्ल घालत) काढावी. पहाटे सामू सर्वांत कमी, दुपारी जास्त. त्यामुळे वेळ आणि भरती-ओहोटी दर वेळी तीच हवी.

समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याचा मार्गही आहे. डहाणूच्या वीजकेंद्रात तो वापरला गेला. त्यात आम्ल थेट समुद्रातच जाते, म्हणून सोडण्याआधी त्या पाण्यात भरपूर हवा खेळवून सल्फाइटचे (विरघळलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून बनते ते) सल्फेट करणे आणि ताजे पाणी मिसळून सामू वर आणणे अत्यावश्यक. हवा कमी पडली तर सल्फाइट खाडीतला प्राणवायू ओढून घेते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्यावरच्या प्रत्येक वीजकेंद्राच्या आणि खत कारखान्याच्या परवानगीत जवळच्या खाडीची अल्कलिनिटी आणि पावसातले अमोनियम दरमहा मोजण्याची अट घालावी, आणि ते आकडे लगतच्या ग्रामपंचायतींना व मच्छीमार सोसायट्यांना मराठीत द्यावेत.

— सागरी रसायनशास्त्राचे अभ्यासक, रत्नागिरी