रामदास बोटीचा पत्रा, ८० जीएसएमचा

प्रिय विनू,

पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. रामदास बोटीच्या मॉडेलचा लाकडी गाभा सुरेख उतरलाय. आता पत्रे चढवायचे म्हणतोस, तर आधी एक भागाकार करून टाक. रामदास १९३६ सालची, स्वान हंटरने बांधलेली. लांबी १७९ फूट, रुंदी २९. तुझ्या १:९६ प्रमाणाच्या मॉडेलात ती ५६८ बाय ९२ मिमी होते. एवढ्या बोटीच्या अंगाचा पत्रा ८ ते १० मिमी जाडीचा धरायचा. त्याला ९६ ने भागलं की उरतो जेमतेम ०.१ मिमी, म्हणजे झेरॉक्सचा साधा ८० जीएसएम कागद! तू आणलेलं ०.२५ मिमीचं प्लॅस्टिक चढवलंस तर पत्रा इंचभर जाडीचा दिसेल. तेवढा पत्रा टायटॅनिकला होता, आणि ती २६९ मीटर लांब होती. प्लॅस्टिक केबिनला ठेव.

रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, खुणा उमटवायला शिंप्याचं दातेरी चाक आणायचं तर अजिबात नको. व्यापारी बोटीच्या अंगावर रिव्हेटचं डोकं आतल्या बाजूला असतं. बाहेरचं टोक पत्र्यात बसवून सपाट केलेलं असतं. दहा पावलांवरून काही दिसत नाही. त्यात त्या चाकाचे दाते अडीच-अडीच मिमीवर, म्हणजे खऱ्या बोटीत २४ सेंमीवर एक रिव्हेट. पाऊण इंची रिव्हेट साधारण तीन इंचांवर मारतात, तेव्हा कुठे सांधा पाणी धरतो. तुझ्या मापात ते अंतर ०.८ मिमी. तो नाद सोड. बोट खरी वाटते ती पट्ट्यांच्या, म्हणजे बोटीच्या लांबीला लागलेल्या पत्र्यांच्या रांगांच्या, मांडणीने, आणि सगळा वेळ तिथेच घालव.

एक पट्टा आतला, शेजारचा बाहेरचा, असे ते एकाआड एक असतात. बाहेरचा दोन्ही कडांनी आतल्यांवर चढतो. मधल्या फ्रेमपाशी (फ्रेम म्हणजे बोटीची आडवी फासळी) कण्यापासून डेकच्या कडेपर्यंत कागदाची पट्टी लपेटून घेर मोज. समजा ७० मिमी भरला, तर सहा पट्टे, प्रत्येकी साडेअकराच्या आसपास. आता असाच घेर पुढे-मागे दहा-बारा ठिकाणी मोजून प्रत्येक ठिकाणी त्याचे सहा भाग पाड आणि खुणा १ मिमी रुंदीच्या टेपने जोड. टेप ओढून बसवू नकोस, नुसती ठेव. कुठे उचलली तर तिथली खूण चुकलीय. मग नाळेसमोर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, डोळा लावून बघ. वरच्या रेषा डेकच्या कडेबरोबर वळल्या पाहिजेत. नाळेशी पट्टे आठ-नऊ मिमीवर आले तरी चालतात. मागे पंख्याच्या वर घेर एकदम आखडतो, तिथे सगळे सहा कोंबायचे नाहीत. पट्टा ५ मिमीच्या खाली गेला, म्हणजे खऱ्या बोटीत दीड फुटाचा झाला, की शेजारच्यात संपवून टाक. जहाजबांधणीतही हेच करतात.

यातली सोय अशी, की कागद फक्त बाहेरच्या पट्ट्यांना लागतो. आतला पट्टा म्हणजे प्राइमर मारून ४०० च्या पॉलिश पेपरने घासलेला तुझा गाभाच. सगळीकडे कागद लावला तर बाहेरच्या पट्ट्याखाली पोकळी राहते आणि पत्रा मधोमध खचतो. खऱ्या बोटीत तिथे फ्रेमवर पत्र्याची ठिगळं भरतात, आपण तो व्याप कशाला करायचा? कुठला बाहेरचा, ते फोटोवरून ठरव: वरच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला सावली असेल तर तो बाहेरचा, मग एकाआड एक.

कागद फाडून बघ. ज्या दिशेने सरळ फाटतो ती त्याच्या धाग्याची दिशा. धागा बोटीच्या लांबीला ठेव, म्हणजे पोटाच्या गोलाईवर कागद मुकाट्याने वळतो. फेव्हिकॉल नको, पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना कडा सुरकुततात. चपडा (लाखेच्या पापड्या) घे: १०० ग्रॅमला ५०० मिली स्पिरिट, रात्रभर मुरवून फडक्याने गाळ. कागदाला दोन्ही बाजूंनी एकेक हात दे, गाभ्यालाही एक, आणि पूर्ण वाळल्यावरच पत्रे काप. लांबी ५० ते ६४ मिमी, म्हणजे १६ ते २० फूट. पत्रा जागेवर ठेवून वरून स्पिरिटचा ब्रश फिरवला की चपडा विरघळून धरतो. बोटाने मधून कडेकडे दाब. कड उचललीच तर स्पिरिट पुरतं उडून गेल्यावर कोमट इस्त्रीचं टोक लाव. ओलं असताना इस्त्री जवळही आणू नकोस, पेट घेईल.

सुरुवात मागून कर. पुढचा पत्रा मागच्यावर ०.८ मिमी चढव, म्हणजे उघडी कड मागे तोंड करते आणि पाणी तिला अडत नाही. शेजारच्या पट्ट्यांचे उभे सांधे निदान १३ मिमी, म्हणजे दोन फ्रेम, लांब ठेव. विटांच्या भिंतीसारखे बरोब्बर अर्ध्यावर मात्र आणू नकोस. सगळ्यांची हौस तिथेच उघडी पडते. आतल्या पट्ट्यांचे सांधे प्राइमरवर सुईची एकच हलकी रेघ. नाळेच्या खालच्या वळणावर सरळ पत्रा बसत नाही, एक कड वर चढते. तिथे मास्किंग टेप चिकटव, रेषांवरून पेन्सिलने उमटव, सोलून कागदावर लाव आणि त्या वाकड्या आकारात काप.

रंगाने हे सगळं बुजू शकतं. ब्रशचे तीन हात म्हणजे ०.१ मिमीची कड गेली. स्प्रेचे दोन पातळ हात पुरे, आणि मध्ये घासायचं नाही. त्याआधी दिवा मालवून बाजूने टॉर्च धर. कडा तेवढ्यापुरत्या दिसल्या आणि समोरच्या उजेडात जवळजवळ नाहीशा झाल्या, तर जाडी बरोबर आहे.

टेपच्या रेषा झाल्या की नाळेसमोरून एक आणि मागून एक फोटो पाठव. कागद त्यानंतर काप.

तुझा,
बाळू