क्रॉसिंग

रत्नागिरी,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत आपला वाद अर्धाच राहिला. 'कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन केली की आपलं हक्काचं एक होतं तेही गेलं,' म्हणून तू मोदक तोंडात टाकलास आणि काकूंसमोर मी गप्प बसलो. आता कागदावर भांडतो.

हक्काचं म्हणजे किती रे? १९९० ला कंपनी झाली तेव्हा ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, २२ महाराष्ट्राचं, १५ कर्नाटकाचं, गोवा आणि केरळचे सहा-सहा. या भांडवलापलीकडे लागणारा बराच पैसा रोखे काढून उभा केला. ते शहाणपणाचंच झालं, बजेटच्या भरवशावर बसलो असतो तर १९९८ ला रूळ पुरे झालेच नसते. पण कर्जाच्या घराला वरचा मजला चढवायला पुन्हा पैसा कुठून आणायचा?

परवा चिपळूणहून येताना मधल्या एका स्टेशनात समोरच्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली. कोणी विचारलंही नाही. समोरच्या मावशींनी भाकरी सोडली, दोघे खाली उतरून तंबाखू मळत बसले. मग बोगद्याकडून घरघर आली, समोरची गाडी धाडधाड निघून गेली आणि मावशींनी डबा मिटला. रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ ला झाला, त्यापुढे बहुतेक सगळं एकेरीच. जांभ्याच्या कड्यांना जाळ्या, पावसात रात्रभर रुळांवर गस्त, हे सगळं भागवून दुसरा रूळ टाकायचा म्हणजे तिकिटातून निघण्यासारखा खर्च नाही. तो दिल्लीच्या बजेटातूनच यायला हवा. गाव म्हणतं सरकारने करावं, आणि सरकारकडे द्यायचं म्हटलं की गावच रुसतं!

मे महिन्यात महाराष्ट्राने विलीनीकरणाला संमती दिली ती नाव कायम राहावं आणि राज्याने घातलेले ३९६ कोटी परत मिळावेत, या अटींवर. नावाचं मला फारसं पडलेलं नाही. तुझ्या एका मुद्द्यावर मात्र मी अडतो. एवढ्या मोठ्या कारभारात आपण शेपटाला, मग आपल्या थांब्यासाठी अर्ज घेऊन जायचं कुणाकडे? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुला सुचलं तर लिही.

आईने आमसुलं बांधून ठेवलीत. शिमग्याला येणार असशील तर साठ दिवस आधी सकाळी आठला मोबाइल घेऊन बस. मागच्या वेळेसारखा वेटिंगचा स्क्रीनशॉट पाठवू नकोस.

तुझा,
विन्या